घरात विचारा

मामा, तुमचे दिवस होईपर्यंत घरात माणसांची रीघ होती आणि त्यात निम्म्या बायका होत्या. औशाकडच्या, निलंग्याकडच्या, उदगीरच्या रस्त्यावरच्या खेड्यांतल्या. कुणी एसटीने आल्या, कुणी जीपला लोंबकळत, कुणी रोजगार हमीच्या कामावर खाडा करून. लातूरच्या गोलाईच्या बाजारातल्या एका किराणा दुकानदाराच्या दुखवट्याला इतक्या परक्या बायका येतात हे मी कधी पाहिलं नव्हतं. प्रत्येक बाई ओसरीवर टेकायची, पदराने डोळे पुसायची आणि तुमची तीच हकिकत सांगायची. मन्मथप्पा कुत्र्याचं पिल्लू घेऊन दारात आले. मालक लगेच हो म्हणाला. पण अप्पा पिल्लू खाली ठेवेनात. म्हणाले, 'आधी घरात विचारा.'

मी, तुमची सून, चहाचं ताट घेऊन फिरत होते. एकीने माझा हात धरला आणि म्हणाली, "लई नशिबाची हायस बाई तू. आमाला दारात येऊन इचारलं त्येनी, तुला तर उठता-बसता इचारत असतील."

मी "हो" म्हणाले. दुखवट्यात वाद घालू नये एवढं मला कळतं. रिकाम्या कपबशा उचलल्या आणि आत गेले.

खरी गोष्ट अशी की तुम्ही दोन जिल्ह्यांतल्या बायकांना विचारलंत आणि स्वतःच्या घरात चुलीपुढे बसलेल्या बाईला चार वर्षं विचारलं नाहीत. हे मी तुमच्या तोंडावर एकदा बोलले होते. तुम्ही उत्तर दिलं नाहीत. आता उत्तर मिळायचा प्रश्न नाही असं मी धरून चालले होते. पण लिहायला बसण्याआधी एक प्रवास घडला, तोही ओघात सांगेन.

लग्न होऊन मी उमरीहून लातूरला आले तेव्हा लातूर जिल्हा होऊन थोडेच महिने झाले होते. तुम्हाला त्याचं केवढं कौतुक! आता कागदाला उस्मानाबादला जायला नको, असं दुकानात येणाऱ्या प्रत्येक गिऱ्हाइकाला सांगायचात, त्याला कसलाच कागद नको असला तरी. नव्या साहेबांसाठी घरं भाड्याने जाऊ लागली, पाट्या रंगल्या, आणि त्याच वर्षी पावसाने ओढ दिली. पुढच्या वर्षी तर नक्षत्रामागून नक्षत्र कोरडं गेलं. जिल्हा नवा आणि टँकरही नवे, असं तुम्हीच म्हणाला होतात.

पहिली सात पिल्लं तुम्ही आणलीत ती भर दुपारी, ज्वारीच्या पोत्यात. वसुलीला म्हणून एका खेड्यात गेला होतात. ज्याच्याकडे गेलात तो बिऱ्हाड पाठीवर टाकून कामाला हैदराबादकडे निघून गेलेला. दाराला कुलूप आणि गोठ्यात कारवानी कुत्री सात पिल्लं पोटाशी घेऊन मरून पडलेली. तुम्ही वसुली विसरलात आणि पोतं उचललंत. घरी येऊन ते माझ्या न्हाणीच्या शेजारी ठेवलंत, टोपी काढून घाम पुसलात आणि म्हणालात, "महानंदा, जरा दूध बघ."

बस, एवढंच. चार वर्षांत चार वेळा पिल्लं आली आणि चारही वेळा मला जे सांगितलं गेलं ते एवढंच होतं. जरा दूध बघ. ते 'जरा' कुणी मोजलं नाही. चौथ्या दिवशी येणारा टँकर, रांगेतली घागर, पिल्लांच्या मुताने रोज धुवावी लागणारी फरशी, आणि सात तोंडांसाठी दुधात कुस्करायच्या भाकऱ्या. यांना मी म्हटलं तर हे म्हणाले, "अप्पांचं आहे ते, आपण काय बोलायचं." म्हणजे पिल्लं तुमची आणि पाणी माझं.

एक कबूल करते. ती कुत्री काय जातीची आहेत, हे तुम्ही नीट सांगितलंत तेव्हा मला त्यांच्याविषयी काही वाटू लागलं. निजामाच्या राज्यात तुमचे वडील बैलांच्या पाठीवर माल लादून बिदरच्या बाजाराला जायचे. तांड्याच्या दोन्ही अंगांनी कारवानी कुत्री पळायची. लांब तोंड, बारीक कंबर, हाडांचा सापळा दिसावा असं अंग, आणि पाय असे की ससा पुढून जाऊच शकत नाही. "त्येंनी आपलं मीठ राखलंय," तुम्ही म्हणालात. "कामाची जात हाय. तिला नुसतं पोट भरून चालत न्हाई, पळाया रान लागतं, राखाया कायतरी लागतं." आपण शिवाची माणसं, घरात अंडं फुटलेलं नाही, आणि शिकारी कुत्र्यांचं पाळणाघर मात्र आपल्याच परसात. गल्लीतले लोक हसायचे. तुम्ही विभूतीच्या पट्ट्यांखालून त्यांच्याकडे बघायचात.

तुमची पद्धत मी पहिल्यांदा पाहिली ती औशाच्या पुढे. मला मुद्दाम बरोबर नेलं होतंत, बाई सोबत असली की आत जाता येतं म्हणून. दोन पिल्लं दुरडीत, दुरडी माझ्या मांडीवर, आणि एसटीचा कंडक्टर तिकीट कुणाकुणाचं फाडायचं यावर तुमच्याशी हुज्जत घालतोय. त्या घरचा मालक मोठा रुबाबदार माणूस होता. पिल्लाचं तोंड बघताच म्हणाला, "ठेवा अप्पा, दोन्ही ठेवा." तुम्ही विचारलंत, "रान हाय का?" हाय. "काम काय देणार?" डुकरं येतात भुईमुगात, राखण करील. तुम्ही मान हलवलीत. मग म्हणालात, "आता घरात विचारा."

तो मोठ्याने हसला. "कुत्र्याचं काय बाईला इचारायचं?"

तुम्ही दुरडी उचललीत, मला म्हणालात "चल", आणि खरंच चालू लागलात. मला तर मेल्याहून मेल्यासारखं झालं. फाटकापर्यंत गेलो असू, तेव्हा दाराआडून आवाज आला, "थांबा की. मला इचारा. म्या हाय हितंच."

तुम्ही परत आलात. उंबऱ्याबाहेर उकिडवे बसलात आणि त्या बाईला, तुमच्या लेकीच्या वयाच्या, हात जोडून म्हणालात, "बाई, भाकरी तुमच्या हातची हाय. एक भाकरी जास्त थापावी लागंल, अन् दिवस असे हायत. जमत नसंल तर न्हाई म्हना. राग न्हाई."

तिने दुरडीत वाकून पाहिलं. मग म्हणाली, "एक ठिवा. दोन जमायचं न्हाई." तुम्ही एकच पिल्लू तिच्या पदरात घातलंत आणि दुसरं परत आणलंत. परतीच्या गाडीत सांगितलंत की जी बाई एवढं मोजून बोलते तिच्या घरात कुत्रं उपाशी राहत नाही. जिथे बाई म्हणायची 'त्यांना विचारा, मला काय कळतंय', तिथून तुम्ही पिल्लू परत आणायचात. जिथे ती नाही म्हणायची, तिथे 'बरं' म्हणून उठायचात. एकाही बाईला तुम्ही गळ घातलेली मी पाहिली नाही. पिल्लाला नाव ठेवायचं नाही हाही तुमचाच नियम. नाव ज्या घरात जाईल ते घर ठेवील.

त्या गाडीत तुमच्या शेजारी बसून मी हे सगळं ऐकत होते आणि मला हसू येत होतं. मला वाटलं, आता घरी गेल्यावर तुमच्या लक्षात येईल. नाही आलं. दुसऱ्या खेपेला पाच पिल्लं आली आणि मी दूध बघितलं.

सगळंच काही तुमच्या पद्धतीने नीट झालं असंही नाही. नव्या साहेबांपैकी एकाच्या बाईसाहेबांनी पिल्लू मागितलं. तुम्ही त्यांनाही रीतसर विचारलंत, त्या तीनदा हो म्हणाल्या, आणि तुम्ही खूश. महिन्याभराने त्या आपल्या दुकानात आल्या त्या तणतणत. 'उपाशी कुत्रं दिलंत आम्हाला, बरगड्या मोजून घ्याव्यात, लोक आम्हाला नावं ठेवतात.' कारवानीच्या बरगड्या दिसायच्याच, तिचं अंगच तसं, हे तुम्ही सांगून पाहिलंत. त्यांना पटेना. त्यांनी दूध, पाव, तूप चालू ठेवलं आणि चार महिन्यांत ते कुत्रं असं फुगलं की बंगल्याच्या पायऱ्या चढताना दम लागायचा. शेवटी त्यांनीच परत पाठवलं. टँकरच्या रांगेत उभ्या बायका आपल्या परसात एवढं गुबगुबीत कुत्रं बघून काय म्हणाल्या ते तुम्हाला कधी सांगितलं नाही. तुम्ही रोज पहाटे त्याला घेऊन गावाबाहेर चालायला जायचात. त्याचं वजन उतरेपर्यंत तुमचंही उतरलं. मग ते एका मेंढपाळाकडे गेलं. त्याची बायको म्हणाली होती, "ठेवते, पर आमच्यासंगं चालाया लागंल." ते कुत्रं आजही तिच्यासंगं चालतंय. ती आली होती तुमच्या दुखवट्याला.

आणि ससा. तो विषय आपल्यात मिटला नाही, म्हणून लिहिते.

तिसऱ्या खेपेची एक मोठी पिल्ली होती, सहा महिन्यांची, करड्या रंगाची. तिला घर मिळत नव्हतं, कारण गावंच्या गावं कामाला बाहेर गेली होती आणि जी घरं उरली होती त्यांतल्या बायका नाही म्हणत होत्या. ती आपल्याकडेच वाढली, भाकरी आणि ताकावर. तुमचा असा पक्का समज होता की जिने रक्त कधी चाखलं नाही ती शिकार करणार नाही. मी तेव्हा म्हणाले होते की माहेरी आमच्या शेजारच्यांची कुत्री बघितलेली आहेत मी, जात शिकवावी लागत नाही. तुम्ही म्हणालात, "संस्कार असतोय महानंदा."

एका सकाळी ती सुटली आणि उन्हं वर आल्यावर परतली. श्रावणी सोमवार होता. तुमची लिंगपूजा चालू होती. तिने ससा आणला आणि स्वयंपाकघराच्या उंबऱ्यावर, माझ्या पायाशी ठेवला. मग शेपूट हलवत माझ्या तोंडाकडे बघत उभी राहिली. घरात खायला कमी आहे हे तिला कळलं होतं की काय, देव जाणे.

मी ओरडले नाही. ओरडले असते तर बरं झालं असतं. मी तुम्हाला पूजेवरून उठवलं, जे मी कधी केलं नव्हतं, आणि म्हणाले, "मामा, हे बघा. तुम्ही गावोगावी बायकांना विचारत फिरता. मला विचारलं होतंत का कधी? ह्या घरात भाकरी कोण थापतं?"

तुम्ही बघत राहिलात. आधी सशाकडे, मग पिल्लीकडे. माझ्याकडे नाही. नंतर तुम्ही स्वतः तो ससा फडक्यात गुंडाळून बाहेर नेलात, परत येऊन आंघोळ केलीत, उंबरा धुतलात. पिल्लीला मारलं नाहीत. तिच्या डोक्यावर हात ठेवून म्हणालात, "तिनं तिचं काम केलं." त्या दिवशी तुम्ही जेवला नाहीत आणि माझ्या प्रश्नाला उत्तरही दिलं नाहीत. पुढचे आठ दिवस पिल्लांची भाकरी तुम्ही स्वतः कुस्करलीत, त्यांच्या पाण्याची घागर स्वतः भरलीत. रांगेत बायकांच्या मध्ये धोतर खोचून उभे राहिलेले तुम्ही मला अजून दिसता. मला वाटलं, उत्तर येतंय. मग त्या पिल्लीला घर मिळालं, चौथ्या खेपेची पिल्लं आली आणि तुम्ही म्हणालात, जरा दूध बघ.

त्यानंतर मी तो प्रश्न काढला नाही. हट्टाला पेटले नाही, रुसले नाही. आतून मात्र एक दार लावून घेतलं. तुमचा चहा वेळेवर दिला, पिल्लांचं दूध वेळेवर दिलं. तुम्ही कधी काही सांगायला लागलात की मी ऐकून घ्यायचे आणि कामाला लागायचे. हे तुमच्या लक्षात आलं नसेल असं मला वाटत होतं.

शेवटची पिल्ली एकटीच होती. मेंढ्या घेऊन तेलंगणाकडे निघालेल्या कुणीतरी तिला दुकानाच्या पायरीवर सोडलं. पुढचा एक पाय जरा अधू, छातीवर पांढरं. तोवर तुम्हाला जिना चढताना धाप लागू लागली होती, गावोगावी फिरणं कमी झालं होतं. ती बारा दिवस आपल्याकडे होती. मी तांदूळ निवडायला बसले की माझ्या लुगड्याच्या घोळावर येऊन झोपायची आणि मला उठता यायचं नाही. मी तिला हाकलत नव्हते हे तुम्ही पाहिलं असणार.

तेराव्या दिवशी दुपारी तुम्ही स्वयंपाकघराच्या दाराशी आलात. उभेच राहिलात. हातातली टोपी इकडून तिकडे फिरवत होतात. मला वाटलं, दुखतंय-खुपतंय काही. तुम्ही म्हणालात, "महानंदा, तुला एक इचारायचं हुतं. हिला आपल्याकडंच ठेवावं म्हनतो. तुला जमत असंल तर. न्हाईतर न्हाई."

चार वर्षं मी ज्या वाक्याची वाट पाहिली ते हे. आणि मी काय केलं? पोळपाटावरून मान वर न करता म्हणाले, "नाही मामा. नाही जमणार मला."

कारण पाण्याचं होतं, ते खोटं नव्हतं. टँकर आता पाचव्या दिवशी येत होता. पण नुसतं पाण्याचं होतं की चार वर्षांचा राग होता, हे मला तेव्हा ठरवता आलं नाही आणि आजही येत नाही. एवढं नक्की की नाही म्हणताना मला बरं वाटलं. फार बरं वाटलं.

तुम्ही म्हणालात, "बरं." दुसऱ्या दिवशी पहाटेच्या गाडीने पिल्ली घेऊन निघालात. लातूर-उदगीर, उदगीर-देगलूर, तिथून बिलोली. चैत्रातलं ऊन आणि तुमची ती छाती. यांनी अडवलं तर म्हणालात, इकडं सगळं कोरडं हाय, तिकडं नदीकाठाला अजून बायकांच्या घागरी भरतात. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी परत आलात, उन्हाने काळवंडलेले पण खुशीत. दोन भाकरी खाल्ल्यात. "बाई चांगली हाय," एवढंच सांगितलंत. "फाट्यावर उतरून नरसाबाईचं घर इचारलं की कुनीबी दावतंय." मी विचारलं नव्हतं, तरी सांगितलंत.

पाचव्या दिवशी तुम्ही लिंगैक्य झालात. दुपारी दुकानातून जेवायला आलात, हातपाय धुतलेत आणि पाटावर बसताना कललात. ताट वाढलेलं होतं.

डॉक्टर म्हणाले हृदय आधीच थकलेलं होतं. गल्ली म्हणाली उन्हातल्या प्रवासाने. हे एकदा म्हणाले, "तू ठेवून घेतली असतीस तर…" वाक्य यांनी पुरं केलं नाही आणि मीही पुरं करायला लावलं नाही. पण ते घरात राहिलं आहे. भाकरी थापताना, घागर उचलताना, मला ते ऐकू येतं. मामा, मला तुमची आठवण येते की त्या वाक्याची भीती वाटते, ह्या दोन गोष्टी मला अजून वेगळ्या करता आलेल्या नाहीत.

दिवस झाल्यावर भाऊ आला आणि दुखवटा काढायला मला उमरीला घेऊन गेला. माहेरी तिसऱ्याच दिवशी मी आईला म्हणाले, बिलोलीला जाऊन येते. कशाला, तर पिल्ली परत आणायला. आई म्हणाली, दिलेलं परत मागतात का? मी म्हणाले, मागून बघते. तुमच्यासाठी नव्हते जात, मामा. तुम्ही तर गेलात. ती पिल्ली घरात आली की ते अर्धं वाक्य घरातून जाईल, असा माझा हिशोब होता.

मध्ये एक गाडी बदलून फाट्यावर उतरले. नरसाबाईचं घर खरंच कुणीही दाखवलं. चाळिशीची बाई, कपाळाला मोठं कुंकू, अंगणात वाळलेल्या मिरच्यांची देठं काढत बसलेली. पिल्ली तिच्या पाठीशी होती. मला पाहून उठली, लंगडत आली, माझं लुगडं हुंगलं, शेपूट हलवली. आणि परत जाऊन नरसाबाईच्या पाठीला पाठ लावून बसली. एवढ्या दिवसांत तिचा पाय बराच सुधारला होता. बरगड्या दिसत होत्या, जशा दिसायला हव्यात.

मी कोण ते सांगितलं. तुम्ही गेल्याचं सांगितलं. तिने हातातल्या मिरच्या खाली ठेवल्या आणि "अगं माय" म्हणून तोंडावर हात घेतला. पाणी दिलं. मग मी म्हणाले, "बाई, ही पिल्ली मला परत द्याल का? आमच्या घरचीच होती ती."

ती रागावली नाही. म्हणाली, "कशी देऊ? मालकाला न्हाई, मला इचारलं हुतं त्येनी. हितंच बसून. म्या ठेवते म्हनले. आता ती माजी हाय."

मी "बरं" म्हणाले. दुसरं काय म्हणणार? पिशवी उचलली. ती म्हणाली, "बस की. उन्हाचं कुटं जाती?" आणि मिरच्या पुन्हा पुढ्यात ओढत सहज सांगू लागली, "तुजंच बोलून राहिले हुते की ते. म्हनले, माज्या सुनेला इचारलं, ती न्हाई म्हनली. अन् हसून राहिले. म्या म्हनले, अप्पा, सुनेनं न्हाई म्हनलं तर मानूस हसतंय का? तर म्हनले, चार साल झाले, पयल्यांदाच इचारलं तिला."

"का नव्हतं विचारलं, ते नाही सांगितलं?" मी म्हणाले.

"सांगितलं की. म्हनले, भ्या वाटत हुतं. दुसऱ्याच्या दारात न्हाई म्हनलं तर फुडच्या गावाला जाता येतंय. घरातच न्हाई म्हनली असती तर ती पोरकी पिल्लं कुटं न्यायची, म्हनले."

मी तिथे रडले, मामा. दुखवट्याच्या सगळ्या दिवसांत रडले नव्हते, ते एका परक्या बाईच्या अंगणात रडले. नरसाबाईला वाटलं मी पिल्लीसाठी रडतेय, आणि ती कानकोंडी होऊन उठून गेली.

तुम्ही उगाच घाबरलात. त्या पहिल्या दुपारी, पोतं खाली ठेवायच्या आधी विचारलं असतंत, तर मी हो म्हणाले असते. सातही पिल्लांना.